एकाच तारखेला दोन जहाजांवर

नोकरीतले अनुभव लिहून द्या, असं सांगणाऱ्या संपादकांनी मी नोकरीत काय करत होते हे आधी विचारायला हवं होतं. मी कागद परत करत असे. नागपुरात माजी सैनिकांची कामं करणारं एक छोटं सरकारी कार्यालय होतं. त्यात प्रमाणपत्रांच्या टेबलावर मी वीसेक वर्षं काढली आणि आलेल्या अर्जांपैकी निम्म्यांवर तरी 'परत' असा शेरा मारून ते ज्याचे त्याच्या हाती दिले. माझ्या पाठीमागे मला 'परतबाई' म्हणत. हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एखाद्याला गाता येतं, एखादीला पुरणपोळी जमते. मला चूक सापडायची.

धंदा समजायला सोपा आहे. सैनिक पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पुढचं सगळं कागदावर चालतं: मुलांच्या राखीव जागा, नोकरीतला अग्रक्रम, इस्पितळातली सवलत. तो म्हणतो, मी अमुक वर्षं इथे इथे होतो. आम्ही त्याचा सेवेचा तक्ता घ्यायचा, ओळ न् ओळ आमच्याकडच्या यादीशी ताडून पाहायची, आणि जुळलं तर प्रमाणपत्र द्यायचं. माझ्याकडे दोन पेन्सिली असत. निळी खूण म्हणजे मान्य. लाल रेघ म्हणजे ती ओळ बाद.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एका हवालदाराच्या तीन कागदांवर तीन जन्मतारखा होत्या. मी तीनदा परत पाठवलं. चौथ्या खेपेला तो पुरावा म्हणून आपली आईच घेऊन आला. म्हातारी माझ्यासमोरच्या खुर्चीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "लिहा बाई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. बडग्याची मिरवणूक गेली अन् हा आला." पोळ्यासाठी किंवा बडग्याच्या पुतळ्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता. मी आईला परत पाठवलं.

माझ्या टेबलावरून एकही खोटा कागद सुटला नाही, असं आमचे साहेब चारचौघांत सांगत. ते खरंच आहे. खरे कागद किती अडकले, याची मोजदाद करायची पद्धत नव्हती.

आता नौदलाचं. नागपूरपासून समुद्र दोन्ही बाजूंनी सारखाच लांब. आमच्याकडे येणारे बहुतेक पायदळातले, कामठीच्या छावणीशी नातं असलेले. वर्षाकाठी दोन-तीन खलाशी उगवत. त्यांच्यासाठी मान्य जहाजांची आणि किनाऱ्यावरच्या तळांची टंकलिखित यादी होती. ती मी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. समुद्र मी आजतागायत पाहिलेला नाही, पण त्या यादीत नसलेलं जहाज माझ्या दृष्टीनं पाण्यावर तरंगतच नव्हतं.

सत्तरच्या दशकातला एक जून महिना. पाऊस यायचा होता, कूलरची घरघर चालू होती, साहेब रजेवर गेले होते आणि कार्यालय माझ्या ताब्यात होतं. म्हणून मी जास्तच कडक झाले होते. सोमवारी सकाळी कामठीहून सुखदेव गजभिये आले. अंगानं काटकुळे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. नौदलात ते बॉयलर सांभाळत. आता कामठीत पॉवरलूम दुरुस्त करायचे. सोबत मुलगी होती, विशाखा. मॅट्रिकला चांगले गुण मिळवलेली, छातीशी फाईल धरलेली.

तिला नर्सिंगला जायचं होतं. तिथे माजी सैनिकांच्या मुलींसाठी एक जागा राखीव होती. अट अशी, की वडिलांची अखंड दहा वर्षं सेवा झालेली हवी आणि तसं आमचं प्रमाणपत्र हवं. शेवटची मुदत शनिवारी दुपारी एक.

तक्ता मी हातात घेतला. पहिल्या काही ओळी तळांच्या, त्यांना निळी खूण. मग एक ओळ: जहाज 'हॉर्नफील्ड', आठ महिने. तिच्याखाली: जहाज 'वैनगंगा', पुढची काही वर्षं. काचेखाली पाहिलं. वैनगंगा होतं. हॉर्नफील्ड नव्हतं. मी त्या ओळीवर लाल रेघ ओढली आणि बेरीज केली. दहा वर्षं चार महिन्यांतून आठ महिने गेले. दहा वर्षांना चार महिने कमी पडले.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! मला आणखी एक चूक सापडली. हॉर्नफील्डवरची शेवटची तारीख आणि वैनगंगेवरची पहिली तारीख एकच होती. मी समासात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अर्जदार एकाच तारखेला दोन जहाजांवर हजर कसा, याचा खुलासा व्हावा.' मनातून खूश झाले. असं बारीक काही सापडलं की त्या दिवशी डबासुद्धा गोड लागायचा.

गजभियेंनी ते वाचलं.

"मॅडम, मी जागचा हाललो नाई," ते म्हणाले. "जहाजाचं नाव हाललं."

"म्हणजे?"

"इंग्रजाचं जहाज आपण घेतलं ना. आमाले आठ महिने आधी तिकडं पाठवलं, जहाज शिकाले अन् दुरुस्त करून घ्याले. तोपर्यंत नाव त्याइचंच. मग एक दिवस सकाळी त्याइचा झेंडा उतरला, आपला चढला. वर बँड वाजून राह्यला होता म्हणतात. मी खाली बॉयलरपाशी होतो, मले आयकूही नाई आला. वरून एक जण आला, म्हणे आता हे वैनगंगा. मी म्हटलं बरं. वाफेचं प्रेशर होतं तेवढंच होतं."

"याला कागद काय आहे?"

त्यांनी पाकिटातून फोटो काढला. जहाजाच्या कठड्यापाशी दहा-बारा पोरं ओळीनं उभी, कडेला तरुण गजभिये, आणि मध्यभागी बुडणाऱ्यासाठी पाण्यात फेकायचं ते गोल कडं. त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत: हॉर्नफील्ड.

"यावरून तर तुम्ही परक्या नौदलाच्या जहाजावर होतात हेच सिद्ध होतं," मी म्हणाले, आणि फोटो परत दिला. इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझे कान गरम होतात, पण तेव्हा मला ते बिनतोड वाटलं होतं. "ही दोन्ही नावं एकाच जहाजाची आहेत असा जहाजाचा कागद आणा."

"जहाज तं मोडीत गेलं, मॅडम."

"मग ज्यांचं होतं त्यांच्याकडून आणा."

"सहा दिवसांत? इंग्लंडवरून?"

ते रागानं बोलले नव्हते, खरंच विचारत होते. मी पुढच्या अर्जाकडे हात नेला. विशाखानं फाईल बंद केली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबांचे दहा वर्षं भरत होते. तुमच्या रेघेनं कमी झाले."

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. हेही एक कसब आहे आणि ते शिकवावं लागत नाही.

गुरुवारी दुपारी गजभियेंची बायको एकटीच आली. जनाबाई. डोक्यावर पदर, हातात बसचं तिकीट, टेबलापाशी येऊन उभी.

"तुमीच काय परतबाई?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर आमचे शिपाई धोंडबाजी बसले होते. त्यांना एकदम खोकला आला.

"बसा," मी म्हणाले.

"बसाले नाई आली. सांगाले आली. आमच्या मोठ्या जावेनं भंडाऱ्याकडचं पोरगं पाहून ठेवलं हाय विशाखासाठी. शनिवारपर्यंत नर्सिंगचं नाई जमलं तं येत्या मोसमात लग्न. घरात सगळ्याइनं ठरवलं. पोरगी तीन दिवसांपासून जेवली नाई."

"मी काय करू? नियम मी केलेला नाही."

"नियमाचं नाई म्हणून राह्यली. पोरीले शिकू द्या म्हणून राह्यली. लग्नानं का होते बाई? नाव बदलते, चूल तेच राह्यते. माह्यं नाव माहेरी सोनाबाई होतं. इथं आली तं जनाबाई झाली. म्हणून का चूल फुंकाचं सुटलं?"

मला पाझर वगैरे फुटला नाही. मी तशातली नाही. मी तिला सांगितलं की कागदाशिवाय काही होणार नाही, आणि ती "बरं" म्हणून पाणी प्यायला व्हरांड्यात गेली. मी पुन्हा कामाला लागले. एक वाक्य मात्र कानात अडकलं होतं, आणि ते का अडकलं हे कळत नव्हतं म्हणून चिडचिड होत होती.

तेवढ्यात धोंडबाजी स्टुलावरून म्हणाले, "मॅडम, हे वैनगंगा जहाज म्हंजे थेच काय, जे कूलरखाली हाय?"

"काय कूलरखाली आहे?"

"जहाजाचं पुस्तक. कूलर हालत होता तं तुमीच तं म्हटलं होतं, धोंडबाजी, त्या पायाखाली हे घाला. दोन उन्हाळे झाले."

मी उठून पाहिलं. कूलरच्या मागच्या पायाखाली चौपदरी घडी करून काहीतरी दाबलेलं होतं. वर मुंग्यांची रांग. धोंडबाजींनी कूलर उचलून धरला आणि मी गुडघ्यावर बसून ते ओढून काढलं. चक्रमुद्रित पानांची पुस्तिका, पाण्यानं फुगलेली, शेवाळल्यासारखी हिरवट झालेली. मुखपृष्ठावर, वाचता येईल इतपत: 'वैनगंगा. जहाजाचा सेवावृत्तान्त.' कोपऱ्यात माझाच शेरा, माझ्याच सुवाच्य अक्षरात: 'माहितीस्तव.'

बाहेरच्यांसाठी सांगते. सरकारी कागदावर 'माहितीस्तव' लिहिलं की तो कागद वाचायचा नसतो. जहाज मोडीत काढताना नौदलानं त्याचा इतिहास छापून आमच्यासारख्या सगळ्या कार्यालयांना पाठवला होता. तो मी उघडलासुद्धा नव्हता. सोमवारी ज्या माणसाला मी इंग्लंडला पिटाळत होते, त्याचा कागद त्याच्यापासून चार हातांवर कूलर सावरून धरत होता. अर्जदार घाम पुसत उभा होता तो त्याच कूलरच्या वाऱ्यात.

"धोंडबाजी, ती बाई गेली का पाहा."

"व्हरांड्यातच हाय. पाणी पिऊन राह्यली."

"तिला थांबवा."

पानं एकमेकांना चिकटली होती. मी पट्टीनं एकेक सोडवत गेले आणि धोंडबाजी ती कूलरच्या वाऱ्यात धरत गेले. कूलरनं भिजवलेलं कूलरनंच वाळवलं. संध्याकाळपर्यंत हाच उद्योग. जनाबाई शेवटी आत येऊन बसली आणि पानं धरू लागली. "पापड वाळवाले घेतल्यासारखं झालं बाई," ती म्हणाली.

आणि वाळता वाळता मी वाचलं. नोकरीत पहिल्यांदाच एखादा कागद चूक न शोधता वाचला असेन.

माणसाला सेवापुस्तक असतं तसं जहाजालाही असतं. हे जहाज युद्धाच्या दिवसांत घाईघाईनं बांधलेलं, हॉर्नफील्ड नावानं पाण्यात उतरवलेलं. नेमणूक: मालाच्या जहाजांच्या तांड्याची राखण. दोनदा जखमी, एकदा पुढचा भागच तुटला, गोदीत नवा बसवला. युद्ध संपल्यावर कुणाला गरज उरली नाही म्हणून काही वर्षं एका खाडीत साखळीनं बांधून ठेवलेलं. आमच्याकडे त्याला सक्तीची रजा म्हणतात. मग बदली: दुसऱ्या देशाच्या नौदलात. नाव बदललं. मग पोरांना शिकवण्याचं काम, एका वादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांना पाणी आणि तांदूळ पोचवण्याचं काम, मग बॉयलर थकले, मग धक्क्याला बांधून ठेवलं, मग मोडीत. कुठेही हळहळ नाही. एका ओळीत जखम, दुसऱ्या ओळीत रुजू. मला असं लिहिणं पटतं.

अकराव्या पानाला चिंधीसारखी कडा झाली होती, पण मजकूर शाबूत होता. हस्तांतराच्या आधी आठ महिने भारतीय खलाशी जहाजावर रुजू झाले होते. ते पहिल्या दिवसापासून भारतीय नौदलाच्याच पटावर होते, आणि हा काळ त्यांच्या सेवेत धरायचा होता. खाली त्यांची नावं. बॉयलरखोलीच्या यादीत सहावं नाव: एस. गजभिये.

"हाय काय?" जनाबाईनं विचारलं.

"आहे."

"मंग मी जाऊ का? शेवटची बस सुटते."

शुक्रवार सगळा तक्ता पुन्हा ताडून पाहण्यात गेला आणि शनिवारी सकाळी मी प्रमाणपत्र टाइप केलं. साहेब रजेवर, म्हणून प्रभारी या नात्यानं सही माझी: सौ. शैलजा ढोबळे. शिक्का मारला. गजभिये, जनाबाई, विशाखा तिघंही आले होते. गजभियेंनी कागद दोन्ही हातांनी घेतला. मी म्हणाले, "बारा वाजायच्या आत द्या," आणि आपण फार मोठं काम केल्याच्या थाटात डबा उघडला.

अर्ध्या तासात तिघंही परत आले. प्रमाणपत्राच्या समासात लाल अक्षरात शेरा होता: 'परत. स्वाक्षरी नमुना यादीशी जुळत नाही.'

परत हा शब्द दुसऱ्याच्या हस्ताक्षरात मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. अक्षर चांगलं होतं.

सायकलरिक्षा केली, त्यात मी, जनाबाई आणि विशाखा कोंबून बसलो. गजभिये सायकलवर मागे. नर्सिंगच्या संस्थेच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. खिडकीमागे चष्मेवाले एक गृहस्थ, पुढ्यात दोन पेन्सिली. एक निळी, एक लाल. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मीही म्हणाले नसते.

"तुमच्या कार्यालयातून कोण सही करू शकतं, त्याची नमुना यादी आमच्याकडे आहे," ते म्हणाले. "साहेबांची सही आहे. त्यांच्या गैरहजेरीत कुमारी कुसुम वाटकर. शैलजा ढोबळे कुणी नाही."

"कुसुम वाटकर मीच."

"पुरावा?"

इथे मला थोडं मागे जावं लागेल. नोकरीला लागले तेव्हा मी कुसुम वाटकर होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि ते मला वऱ्हाडी मंडळींबरोबरच कळलं. शैलजा. आत्तेसासूबाईंना आवडायचं म्हणून. मॅट्रिकचं प्रमाणपत्र कुसुमचं, पगार शैलजाचा. दोन नावांची बाई एकच, हे कार्यालयाला पटवायला मला दोन वर्षं लागली. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, पुन्हा प्रतिज्ञापत्र. ज्या कारकुनांनी अडवलं त्यांना मी घरी बसून मनसोक्त शिव्या दिल्या. नंतर त्यांच्यातल्याच एकाची खुर्ची मला मिळाली. नाव बदलल्यावर नवी नमुना सही सगळ्या संस्थांना कळवायची होती. ते काम प्रमाणपत्रांच्या टेबलाचं. म्हणजे माझं. साहेब सहसा रजेवर जात नसत, म्हणून ते राहून गेलं होतं. पंधरा वर्षं.

"राजपत्र घरी आहे," मी म्हणाले. "सोमवारी आणते."

"मुदत आज एकला संपते."

"मी इथे समोर उभी आहे ना."

"एकाच माणसाच्या दोन सह्या कशा, मॅडम?" त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. "खुलासा व्हावा."

सोमवारचं माझंच वाक्य. त्याचं उत्तर माझ्याऐवजी तिसऱ्याच कुणीतरी द्यावं, हेही रास्तच होतं.

"लग्न झालं बाईचं, दुसरं का!" मागून जनाबाई बोलली. "अजी, नाव बदललं, बाई तेच हाय. जहाजाचंही असंच झालं होतं. तुमच्या मंडळीचं नाव नाई बदललं काय लग्नात?"

"अवं, चूप राय ना," गजभिये पुटपुटले.

"काहून चूप राहू? सहा दिवस चूपच होती मी."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मंडळींचं काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पण खिडकीही बंद केली नाही.

मी म्हणाले, "नमुना झाकून ठेवा. आणि तो कागद इकडे द्या."

पंधरा वर्षांत ते नाव मी लिहिलं नव्हतं. पेन टेकवलं आणि हात अडला. 'कु' ला शेपटी कुठून काढायची तेच आठवेना. विशाखा खिडकीच्या गजाला धरून उभी होती. मग मी विचार करायचं सोडलं आणि हात आपला आपण चालला. कुसुम वाटकर. खाली दोन ठिपके, जे मी कॉलेजात असताना ऐटीत द्यायची आणि जे मी साफ विसरले होते.

त्यांनी नमुना काढून शेजारी धरला. बराच वेळ पाहिलं. ठिपकेसुद्धा मोजले असतील.

"जुळते," ते म्हणाले. "पण एकाच तारखेच्या दोन सह्या झाल्या. शेरा लिहून द्या."

मी लिहिलं: 'दोन्ही सह्या माझ्याच आहेत. मी जागची हललेली नाही. नाव बदलले आहे.'

गजभिये माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी घसा साफ केला. चष्मेवाल्यांनी निळी पेन्सिल उचलली तेव्हा घड्याळात एकाला चार मिनिटं कमी होती.

इथे थांबले तर मी फार चांगली ठरेन, म्हणून पुढचंही सांगते. सोमवारी मी परत-नोंदींचं जुनं रजिस्टर काढलं. हॉर्नफील्डची ओळ मी याआधी दोनदा कापली होती. दोन माणसं, दोघंही लांबच्या गावची, दोघंही न भांडता गेलेली. मी दोघांना पत्रं लिहिली: 'आपला अर्ज पुन्हा करावा.' एक पत्र 'इसम या पत्त्यावर राहत नाही' म्हणून माझ्याकडेच परत आलं. दुसऱ्याचं पोस्टकार्ड आलं. पॉलिटेक्निकसाठी त्यानं मुलाचा अर्ज केला होता. लिहिलं होतं: 'मुलाचे वय आता बसत नाही. तो ट्रकवर लागला आहे. आपण आठवणीने कळविले, आभारी आहे.'

शिव्या दिल्या असत्या तर फाईल करता आल्या असत्या. ते पोस्टकार्ड मी काचेखाली यादीशेजारी ठेवलं. यादीत वैनगंगेपुढे निळ्या पेन्सिलीनं हॉर्नफील्ड लिहिलं. लाल पेन्सिल सोडली असं मात्र नाही. खोटे कागद यायचे थांबले नव्हते. फक्त रेघ मारण्याआधी 'माहितीस्तव' कागदही वाचू लागले, आणि कूलरखाली धोंडबाजींनी विटेचा तुकडा घातला.

विशाखा शिकली, नोकरीला लागली. भंडाऱ्याच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. सात-आठ वर्षांनी एका दुपारी ती कार्यालयात पेढे घेऊन आली, गळ्यात काळे मणी. स्वतःच पसंत केलेला मुलगा, हिंगण्याला कारखान्यात. धोंडबाजी निवृत्त झाले होते, म्हणून दोन पेढे मीच खाल्ले. मग सवयीनं विचारलं, "सासरी नाव काय ठेवलं?"

"विशाखा गजभिये."

"म्हणजे बदललं नाही?"

"सासरचे मागे लागले होते, मॅडम," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याइले, आमच्या घरात एकदा जहाजाचं नाव बदललं होतं, तेवढं पुरे झालं."